लहान भिंग आणि क्षीण प्रकाश : ग्रहणे व धूमकेतू यांच्या छायाचित्रणाविषयी

आकाशस्थ वस्तूंची उपयुक्त छायाचित्रे घ्यावयाची, तर मोठ्या दुर्बिणीवाचून गत्यंतर नाही, अशी समजूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही आढळते. या समजुतीमुळे साधनांच्या अभावी पुष्कळ जण या विषयाकडे वळतच नाहीत. वस्तुतः ही समजूत अर्धीच खरी आहे. ती कोठवर खरी आहे आणि कोठे फसवी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तारा हा व्यवहारतः प्रकाशबिंदूच होय. त्याचा जेवढा प्रकाश भिंगात शिरतो, तो सर्व एका लहानशा ठिपक्यात एकवटतो. म्हणून ताऱ्यांच्या बाबतीत भिंगाचा व्यास महत्त्वाचा. व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट मिळतो. धूमकेतूचे पुच्छ, आकाशगंगेचा पट्टा किंवा सूर्याचा किरीट यांची गोष्ट निराळी आहे. या वस्तू विस्तृत आहेत. भिंगाचे नाभीय अंतर वाढविले की त्यांची प्रतिमा मोठी होते, आणि तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरून पातळ होतो. त्यामुळे प्रतिमेची दीप्ती केवळ व्यासावर अवलंबून न राहता व्यास आणि नाभीय अंतर यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून राहते. नाभीय अंतर व्यासाच्या सहापट असेल, तर त्या भिंगास ‘एफ-६’ म्हणतात. हा अंक जितका लहान, तितकी विस्तृत वस्तूची प्रतिमा तेजस्वी.

या नियमाचा प्रत्यय छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच आला. १८५८ साली डोनाटीचा धूमकेतू आकाशात दिसू लागला असता इंग्लंडमधील विल्यम अशरवुड या व्यावसायिक छायाचित्रकाराने २७ सप्टेंबर रोजी व्यक्तिचित्रांसाठी वापरावयाच्या एफ-२·४ भिंगाने अवघ्या ७ सेकंदांत त्याचे चित्र घेतले. दुसऱ्याच रात्री हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी १५ इंची दुर्बिणीतून ६ मिनिटे उद्भासन दिले. परंतु त्यांच्या काचेवर धूमकेतूच्या केंद्रालगतचा भागच काय तो उमटला. धूमकेतूचे हे पहिले यशस्वी छायाचित्र मोठ्या वेधशाळेत निघाले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याहून बोधप्रद उदाहरण आपल्याच भूमीवरील आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आजच्या महाराष्ट्रातून गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी वर्णपटाचे वेध घेतले. तेथेच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या तुकडीने ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभारला होता. त्याच्या भिंगाचा व्यास ५ इंच, म्हणजे गुणोत्तर एफ-९६. त्याच दिवशी विदर्भातील तळणी येथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तुकडीत अॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेतील गणकाची नोकरी त्यांनी १८९५ मध्ये विवाहाच्या वेळी सोडली होती. या प्रसंगी त्यांच्याकडे कोणतेही अधिकारपद नव्हते. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग केवळ दीड इंच व्यासाचे आणि ९ इंच नाभीय अंतराचे होते. आकाशगंगेची छायाचित्रे घेण्याच्या हेतूने गर्टन महाविद्यालयाच्या अनुदानातून तो घेतलेला होता.

दोन्ही साधनांचे गणित शेजारी मांडून पाहावे. सूर्यबिंबाची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे १/१०७ एवढी पडते. जेऊरच्या कॅमेऱ्यात ती ११ सेंटिमीटरांहून मोठी, तर माँडरबाईंच्या कॅमेऱ्यात जेमतेम २ मिलिमीटर होती. परंतु दीप्तीच्या दृष्टीने लहान भिंग (९६/६)² म्हणजे २५६ पट सरस होते. किरीटाची दीप्ती सूर्यबिंबापासून दूर जाताना झपाट्याने घटते. काही त्रिज्यांच्या अंतरावर ती बिंबालगतच्या मानाने हजारपटीने कमी होते. खग्रास अवस्था तर सुमारे दोनच मिनिटांची. अशा स्थितीत माँडरबाईंच्या काचेवर किरीटाचा एक किरणझोत सूर्याच्या सुमारे १४ त्रिज्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला उमटला. तोवर छायाचित्रात मिळालेला हा सर्वांत लांब झोत होता. लांब कॅमेऱ्यात एवढाच झोत सुमारे ८० सेंटिमीटर व्यापता.

यावरून जेऊरचे साधन सदोष होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ते आंतरकिरीटाची सूक्ष्म रचना आणि तेजःशृंगे टिपण्यासाठी घडविलेले होते. त्या कामी प्रतिमेचा आकारच मोलाचा असतो. तात्पर्य एवढेच की, साधन लहान की मोठे हा प्रश्नच अपुरा आहे. वस्तू बिंदुवत आहे की विस्तृत, आणि तिच्याविषयी आपणांस काय जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे.

आज रासायनिक काचेची जागा अंकीय संवेदकाने घेतली आहे. काचेत एक मोठी उणीव होती. प्रकाश दहापट क्षीण झाला असता उद्भासन दहापट वाढवूनही काच तेवढी काळी पडत नसे. कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी १९०० च्या सुमारास या उणिवेचे नियमबद्ध वर्णन केले. संवेदकाचा प्रतिसाद मात्र बहुतांशी समप्रमाणात असतो. म्हणून अनेक अल्प उद्भासने एकत्र मिळविता येतात. १०० चित्रांच्या सरासरीने यादृच्छिक दोष एकदशांशावर येतो. पृथ्वीच्या परिवलनाची अडचणही यामुळे काहीशी सौम्य होते. विषुववृत्तावरील तारा सेकंदास १५ विकला सरकतो. ५० मिलिमीटर भिंगामागे हे सरकणे ०·००३६ मिलिमीटर, म्हणजे साधारणतः संवेदकाच्या एका घटकाएवढे भरते. त्यामुळे स्थिर तिवईवरून काही सेकंदांचीच चित्रे घ्यावीत व नंतर ती जुळवावीत. त्याहून दीर्घ उद्भासनास अनुगामी बैठक हवी.

तथापि या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. संगणकावर किरीटाचे झोत उठावदार करता करता नसलेला झोतही निर्माण होऊ शकतो, आणि पुढे खऱ्या-खोट्याची निवड करणे अशक्य होते. म्हणून मूळ चित्रे जशीच्या तशी जपावीत. स्थळ, अचूक वेळ, भिंग आणि उद्भासन यांची नोंद त्याच वेळी करावी. झाकण लावून घेतलेली काळी चित्रे व समदीप्त पृष्ठाची चित्रेही सोबत ठेवावीत. एवढे केले तरच ते चित्र शोभेचे न राहता वेध ठरते. खंडग्रास अवस्थेत भिंगापुढे योग्य सौरगाळणी असणे अनिवार्य आहे, हे निराळे सांगावयास नकोच.

भारतातून दिसणारे पुढील खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाख भागात होईल. आज पदव्युत्तर वर्गात असलेल्या विद्यार्थ्यास तयारीसाठी पुरेसा अवधी आहे. दीड इंची भिंगाने काय साधते, हे तळणीच्या माळावर सिद्ध झालेलेच आहे.