वर्गणी नाही, हजेरी

"चाचा, गोविंदा पथकात जायला पैसे किती पडतात?" शेजारच्या पोरानं विचारलं. लालबाग-परळला फी कोण मागतो? फार तर बनियनपुरती वर्गणी. द्यायचा असतो तो वेळ. गुरुपौर्णिमेपासून गोपाळकाल्यापर्यंत, साधारण ४० रात्री, कामावरून दमून आल्यावर सराव. तळाचा एक जण आला नाही, तर वरचे सगळे थर नव्यानं बसवावे लागतात. खांद्याला खांद्याची सवय लागते. २०१७ साली १४ वर्षांखालच्या मुलांना चढवायचं नाही असं ठरलं. वरचा एक्का वजनदार झाला, भार तळावर आला.

"आणि रात्रपाळी असली तर?"

"आधी सांग. न सांगता राहिलास तर तुझ्या जागी नवखा उभा राहील, आणि वर कुणाचं तरी पोर असेल."