कार्बन तंतूचा सपाट पत्रा : दोन्ही अंगांनी गुळगुळीत का आणि कसा?

तामिळनाडूतील कुंभकोणमला लागून असलेले दारासुरम् हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक म्हणजे दुसऱ्या राजराज चोळाच्या काळातील, बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिर. २००४ मध्ये या मंदिराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दुसरी गोष्ट म्हणजे रेशमी विणकाम. या परिसरावर पूर्वी तंजावरचे मराठी राज्य होते, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुलूख अगदी अनोळखी नाही.

कोणत्याही विणकराला कापडाची सुलट बाजू आणि उलट बाजू यांतला फरक सांगावा लागत नाही. जरीकाम केलेल्या बहुतेक वस्त्रांची मागची बाजू सुटलेल्या धाग्यांची व खरखरीत असते. आपल्याकडील अस्सल हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि तिच्या किमतीचे एक कारण तेच आहे. आज विमान, ड्रोन, कृत्रिम उपग्रह व रुग्णालयातील क्ष-किरण मेज यांसाठी लागणारा कार्बन तंतूचा पत्राही मुळात विणलेले कापडच असते. त्यालाही उलट-सुलट बाजू असतात. हा पत्रा दोन्ही अंगांनी गुळगुळीत करणे वरवर किरकोळ वाटते, पण या पदार्थाचे बहुतेक सगळे शास्त्र त्या एका अपेक्षेत सामावलेले आहे.

तंतू आणि राळ

बहुतांश कार्बन तंतू पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून तयार होतो. हा धागा प्रथम हवेत सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवून स्थिर केला जातो. नंतर नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत १,००० अंशांच्या वर तापवला असता कार्बनखेरीज इतर मूलद्रव्ये बव्हंशी निघून जातात. धाग्याचे वजन जवळजवळ निम्म्याने घटते. उरलेल्या तंतूचा व्यास ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे दहावा भाग असतो. असे ३,००० तंतू एकत्र केलेल्या जुडग्याला व्यापारात ‘तीन-के’ म्हणतात.

तंतू ताणाला अतिशय बळकट असला तरी सुटा असताना तो दोऱ्यासारखाच लवचिक असतो. त्याला आकार व कडकपणा मिळतो तो इपॉक्सीसारख्या राळेमुळे. म्हणूनच या पदार्थाला संयुक्त पदार्थ म्हणतात. २ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा पोलादाचा असेल तर सुमारे १५.५ किलो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ५.४ किलो आणि कार्बन-इपॉक्सीचा असेल तर जेमतेम ३ किलो भरतो. (बाजारात ‘कार्बन फायबर’ म्हणून विकला जाणारा काळ्या चौकटींचा चिकट कागद आणि हा पदार्थ यांचा नावापलीकडे संबंध नाही.)

दुसरी बाजू खडबडीत का राहते?

सर्वसाधारण पद्धतीत मेण लावलेल्या गुळगुळीत साच्यावर कापडाचे थर ठेवून त्यांत राळ भिनवतात. वर नायलॉनचे, नंतर सोलून काढायचे कापड, जादा राळ शोषणारा थर आणि शेवटी हवाबंद पिशवी येते. पिशवीतील हवा पंपाने ओढून घेतली की वातावरणाचा दाब सर्व थर आवळून धरतो. हा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन भरतो. साच्याकडील अंग साच्याइतकेच गुळगुळीत निघते. पिशवीकडील अंगावर मात्र नायलॉनच्या कापडाची खरबरीत छाप उमटते.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. साचा नसलेल्या बाजूची जाडी कोणीही नियंत्रित केलेली नसते. एका ठिकाणी राळ साचते, दुसरीकडे कमी पडते. एकाच पदार्थाच्या पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी घटली की हा विरोध सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. ड्रोनचे चार बाहू एकाच पत्र्यातून कापले आणि त्यांपैकी एक पातळ निघाला, तर त्याचा कंप इतरांपेक्षा वेगळा होतो. क्ष-किरण मेजाच्या पत्र्यात जाडीतील फरक प्रतिमेवर उमटू शकतो, आणि खडबडीत पृष्ठभाग निर्जंतुक करणेही कठीण जाते.

दोन काचांमधील हवा

यावरचा सरळ उपाय म्हणजे खाली एक व वर एक असे दोन सपाट साचे. त्यासाठी सर्वांत स्वस्त व सपाट वस्तू म्हणजे काच. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवली जाते. ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप सपाट असल्याने घासण्या-पुसण्याविना ही काच आरशासारखी होते, आणि तिचा हा गुण पत्र्याला आयताच मिळतो.

अडचण येते ती हवेची. पिशवीच्या पद्धतीत कापडाच्या थरांतील हवेला वरच्या सच्छिद्र नायलॉनमधून कोठूनही बाहेर पडता येते. वर काच ठेवली की ही सारी दारे बंद होतात आणि हवेला फक्त कडांकडून वाट उरते. मध्यभागी अडकलेला बुडबुडा तेथेच राहतो, काचेला चिकटून चपटा होतो, आणि पत्रा सुटल्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र बनून दिसतो. म्हणजे गुळगुळीतपणासाठी जी वस्तू आणली तीच दोषाला कारण ठरते. अनेकांचे पहिले प्रयत्न येथेच फसतात, आणि दाब वाढवूनही ते सुधारत नाहीत. कारण येथे उणीव दाबाची नसून वाटेची असते.

म्हणून हवेची वाट आधी आखावी लागते. राळ व कठीणकारक मिसळल्यावर ते मिश्रण निर्वात भांड्यात ठेवून त्यातील हवा काढतात. खालच्या काचेवर आधी राळेचा पातळ थर देतात, म्हणजे कापड कोरड्या काचेवर बसत नाही. प्रत्येक थर मधून कडेकडे दाबत नेतात. शेवटच्या थरावर मधोमध राळेची जादा धार सोडतात. वरची काच एकदम आडवी न ठेवता एका कडेवर टेकवून हळूहळू खाली आणतात, त्यामुळे राळेची लाट हवेला पुढे ढकलत जाते. चारही कडांना सुट्या काचतंतूंची वात ठेवली की हवा व जादा राळ तिच्यातून निघून जाते. कोपऱ्यांत ठरलेल्या जाडीचे धातूचे तुकडे ठेवतात. काच त्यांवर टेकली की जाडी निश्चित होते. मात्र काचेखाली खडीचा एक कण राहिला तरी ती तडकते, कारण मग सारा भार त्या एका बिंदूवर येतो.

मोठ्या उद्योगांत राळ आधीच भिनवलेले, शीतगृहात साठवलेले कापड वापरतात आणि ते चकचकीत पोलादी पट्ट्यांमध्ये तप्त दाबयंत्रात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये घट्ट करतात. त्यात तंतूंचे प्रमाण आकारमानाच्या सुमारे ६० टक्के ठेवता येते. लहान कार्यशाळेला आणखी एक सोपा मार्ग आहे : एका बाजूने गुळगुळीत असे दोन पातळ पत्रे करून त्यांच्या खरबरीत पाठी एकमेकींना चिकटवणे. खरबरीतपणा तेथे उलट उपयोगीच पडतो.

वीण आणि वाक

पत्रा सपाट राहील की नाही हे विणीवरही ठरते. तंतू लांबीच्या दिशेने तापमानानुसार जवळजवळ बदलत नाही, राळ मात्र बरीच प्रसरण-आकुंचन पावते. थर मध्यप्रतलाच्या दोन्ही बाजूंस आरशातील प्रतिमेसारखे रचले नाहीत, तर थंड होताना पत्रा वाकतो. सॅटिन विणीत एका बाजूस उभे धागे, तर दुसऱ्या बाजूस आडवे धागे वरचढ असतात. त्यामुळे असे थर सर्व एकाच बाजूने ठेवले तर दिशा अचूक असूनही पत्रा पिळतो. अर्धे थर उलटे ठेवावे लागतात. रेशमाच्या विणकराला ही गोष्ट चटकन उमजेल.

दुसरा दोष उशिरा दिसतो. काचेतून आरशासारखा निघालेला पत्रा उन्हात तापला की आणखी घट्ट होतो, राळ आकसते आणि विणीचा उठाव पृष्ठभागावर उमटतो. म्हणून पत्रा साच्यात असतानाच हळूहळू तापवून पूर्ण पक्व करतात.

भारताची स्थिती

तेजस विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याच्या सांगाड्याच्या वजनात संयुक्त पदार्थांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे, आणि त्यांच्या विकासात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा मोठा सहभाग आहे. गोव्यातील पिळर्ण येथेही विमान व अवकाश क्षेत्रासाठी असे भाग तयार होतात. पत्रा बनवण्याचे कौशल्य देशात आहे, उणीव आहे ती तंतूची. त्याबाबत आयातीवर मोठे अवलंबन राहिले आहे. उच्च प्रतीचा तंतू दुहेरी उपयोगाचा असल्याने तो आंतरराष्ट्रीय निर्यात-नियंत्रणाच्या कक्षेत येतो. भारत जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा आणि डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला.

फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियानात कार्बन तंतूच्या संशोधनास स्थान मिळाले. अभियानाची मुदत नंतर मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. संयुक्त पदार्थांसाठीचे उत्कृष्टता केंद्र अहमदाबादच्या अटिरा संस्थेत, तर न विणलेल्या वस्त्रांसाठीचे इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत आहे. खर्चातील फरक किती पडतो याचे उदाहरण जुलै २०२५ मध्ये समोर आले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची हैदराबाद येथील प्रयोगशाळा आणि बीबीनगरचे एम्स यांनी १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी तपासलेले कार्बन तंतूचे कृत्रिम पाऊल सादर केले. आयात केलेल्या तशा पावलाची किंमत सुमारे २ लाख रुपये असताना याचा उत्पादनखर्च २० हजारांच्या आत राहील, असे सांगण्यात आले.

दारासुरम्‌सारख्या विणकर गावांना यात वाटा मिळेल काय? रेशमाचा माग जसाच्या तसा कार्बनसाठी चालत नाही. हा तंतू तीव्र वळणावर तुटतो, त्याला गुळगुळीत मार्गदर्शके व एकसारखा ताण लागतो. शिवाय तो वीजवाहक असल्याने हवेत उडालेले त्याचे बारीक तुकडे यंत्राच्या विद्युत मंडलात बिघाड करतात. त्यामुळे असे माग वेगळ्या, बंदिस्त दालनात चालवावे लागतात आणि त्यांची विद्युत उपकरणे धूळरोधक पेटीत ठेवावी लागतात.