एकाच मापाचा बटाटा



शहरात शिकणारी आपली मुले सुटीत घरी आली की मॅक्डोनल्ड्सचे नाव हमखास निघते. या दुकानांमागे शेत आहे आणि शेतकरीही आहे. म्हणून त्यांची हकीकत आपण जाणून घेतलेली बरी.

१९४० साली अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड या भावांनी उपाहारगृह काढले. १९४८ साली त्यांनी पदार्थ मोजकेच ठेवले, कामे वाटून दिली आणि हॅम्बर्गर, म्हणजे पावात घातलेली गोमांसाची टिक्की, १५ सेंटला विकू लागले. १९५५ साली रे क्रॉक या मिल्कशेक-यंत्रांच्या विक्रेत्याने डेस प्लेन्स येथे त्याच नावाचे दुकान उघडले. १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन त्याने भावांकडून धंदाच विकत घेतला. आज शंभराहून अधिक देशांत ४० हजारांवर दुकाने आहेत. भारतातील पहिले १९९६ साली दिल्लीत निघाले. येथे गोमांस व डुकराचे मांस ठेवले जात नाही.

ग्राहकापुढे कंपनीही वाकते. सिनसिनाटी शहरातील एका दुकानाभोवती कॅथलिक वस्ती होती. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी धंदा बसे. मालक ल्यू ग्रोन याने १९६२ साली माशाचा पाव विकायला सुरुवात केली. पुढे तो अनेक देशांत विकला जाऊ लागला.

या वाढीचे मर्म एकच : एकसारखेपणा. कुठेही जा, चव तीच. त्यासाठी बटाटाही एकाच मापाचा लागतो : लांब, कोरडा अंश अधिक, साखर कमी. फार थंडीत साठवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळल्यावर तो काळपट पडतो. म्हणून घरच्या भाजीचा बटाटा तेथे चालत नाही. गुजरातेत मेहसाणा येथील मॅक्केन कंपनीच्या कारखान्यासाठी शेतकरी कराराने अशा जाती पिकवतात. भारतातील मॅक्डोनल्ड्सला हा कारखाना माल पुरवत आला आहे.

याच पद्धतीतून वादही उभे राहिले. अमेरिकेत बटाटे गाईच्या चरबीत तळले जात. १९९० साली वनस्पती तेल आले, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क राहिला आणि ते ग्राहकांना स्पष्ट सांगितले नाही. हिंदू व शाकाहारी ग्राहकांनी २००१ साली दावा लावला. पुढच्या वर्षी कंपनीने क्षमा मागून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. लंडनमध्ये कंपनीने दोघा टीकाकारांवर बदनामीचा खटला भरला. १९९७ साली निकाल बहुतांशी कंपनीच्या बाजूने लागला, तरी तिच्या जाहिराती मुलांचा गैरफायदा घेतात, हे न्यायाधीशांनी मान्य केले.

फ्रान्समध्ये मेंढपाळ जोझे बोव्हे व त्याच्या साथीदारांनी १९९९ साली मियो गावात बांधकाम चालू असलेले दुकान मोडून काढले. अमेरिकेने त्यांच्या रोकफोर चीजवर जबर जकात बसवली होती, त्याचा हा राग. बोव्हेला त्यासाठी तुरुंगवास झाला.

२०२४ साली अमेरिकेत या दुकानांतील हॅम्बर्गर खाऊन १०४ माणसे आजारी पडली, एक दगावले. चिरलेल्या कच्च्या कांद्यातून इ. कोलाय जंतू पसरल्याचे तपासणीत दिसले. हा जंतू गुरांच्या आतड्यात राहतो. एका पुरवठादाराचा माल अनेक राज्यांत गेला, तसा रोगही गेला.

यातून आपण काय घ्यावे? कराराने पीक घेण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या : भाव कोणता, प्रत कोण ठरवणार, नाकारलेला माल कोण उचलणार, बियाण्याचा खर्च कोणाचा. सारे रान एकाच गिऱ्हाइकासाठी लावू नका. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला ताजे शेण घालू नका, गटाराचे पाणी देऊ नका.

आणि मुलांना अधूनमधून हे खाणे मिळाले तर बिघडत नाही. रोजचे जेवण मात्र ते नव्हे. त्यात मीठ व चरबी पुष्कळ, चोथा थोडा. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाकरी, डाळ आणि परसातली पालेभाजी यांची चव रोज एकसारखी नसेल. पण ती कोठून आली, हे आपणांस ठाऊक असते.