तात्पुरत्या घराचे पक्के नियम

मंडळी, तात्पुरते घर आपल्याला नवे नाही. ऊसतोडीला गेलेले जोडपे फडाजवळ कोपी घालते. मेंढरांमागे फिरणारा धनगर माळावर पाल ठोकतो. त्यांना सहसा कोणी नकाशा विचारीत नाही. का बरे? कारण हंगाम सरला की कोपी उठणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते घर उभे राहते तेव्हाच त्याच्या शेवटाचा दिवस ठरलेला असतो.

आपत्तीनंतर मिळणाऱ्या घराचे मात्र तसे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल छपराच्या निसेन हट उभ्या राहिल्या. काही काळाची सोय म्हणून बांधलेल्या त्या वसाहतींत कित्येक घरांच्या पिढ्या वाढल्या. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. वाचलेल्यांनी पक्की घरे मिळेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. मराठवाड्यातला उन्हाळा आणि डोक्यावर उघडा पत्रा, म्हणजे काय होते ते वेगळे सांगायला नको.

अलीकडे पत्र्याच्या शेडच्या जागी कंटेनरचे घर आले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना आधी अशाच घरांत ठेवले होते. हे घर ट्रेलरवर लादून आणता येते, क्रेनने उतरवता येते आणि काम झाले की उचलून नेता येते.

आता कोणी म्हणेल, “अहो, माणसे उघड्यावर पडली आहेत आणि तुम्ही नियम काय सांगता?” प्रश्न रास्त आहे. एरवी घर बांधायचे तर परवानगीचे कागद लागतात, आणि त्यात दिवस जातात. आपत्तीत तेवढी वाट पाहता येत नाही. म्हणून २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने निवारा, अन्न, पाणी पुरवण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिले. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण घाई आहे म्हणून सारेच नियम सुटले, असे समजू नका. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात मदत-छावणीतील सोयींचा किमान दर्जा ठरवून देण्यास सांगितले आहे, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने तो ठरवलाही आहे.

काय आहे तो दर्जा? दर माणसामागे छपराखालची जागा साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट. पिण्याचे पाणी माणशी रोज निदान ३ लिटर. दर ३० माणसांमागे एक शौचकूप, तेही छावणीपासून ५० मीटरच्या आत. बायकांसाठी आणि पुरुषांसाठी सोय वेगळी.

गुरुजी, हा हिशेब मुलांकडून करवून घ्या. शाळेच्या अंगणात खडूने २० फूट लांब आणि ८ फूट रुंद चौकोन आखा. लहान कंटेनर एवढाच असतो. क्षेत्रफळ भरते १६० चौरस फूट. पाच माणसांच्या कुटुंबाला किती जागा हवी? १९०. मग पाच मुलांना त्या चौकोनात आडवे व्हायला सांगा, शेजारी चूल, हंडा आणि धान्याची पेटी ठेवा. काय कमी पडते ते पोरेच सांगतील. पुढे विचारा, ४० कुटुंबांची २०० माणसे असतील तर शौचकूप किती? सात. पिण्याचे पाणी रोज किती? ६०० लिटर. पुस्तकातल्या गणितापेक्षा हे गणित मुलांच्या लक्षात राहील.

जागा पुरली तरी ती कुठे आहे, हे त्याहून मोठे. दरडीतून वाचलेल्या माणसाला पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणे. जागा ओढ्याच्या पात्राबाहेर हवी, पुराच्या खुणेपेक्षा उंच हवी, आणि तिथवर ट्रेलर वळेल असा रस्ता हवा. दोन ओळींत मोकळे अंतर राखावे, म्हणजे एका घरची ठिणगी दुसऱ्या घराला लागणार नाही.

मग येतो वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकणात घरोघरचे पत्रे उडवले. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. पत्रा वाशाला बोल्टने आवळावा, आणि वासा खांबाला व खांब पायाला पक्का बांधावा. कंटेनर नुसता टेकवू नये, चारी कोपरे पायाला जखडावेत. घर लोखंडाचे असले तर विजेचे अर्थिंग झाल्याशिवाय आत दिवा लावू नये, नाहीतर पावसाळ्यात भिंतीलाच शॉक बसायचा. छताला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, आतून तट्ट्या लावाव्यात. उन्हाची धग कमी होते.

आणि शेवटचा नियम कोणत्याही सामानात मिळत नाही. तो म्हणजे तारीख. कोपीचा हंगाम संपतो. आपत्तीच्या घराचा हंगाम कोणीतरी ठरवावा लागतो. म्हणून घराचा ताबा घेताना तीन गोष्टी लिहून मागा: हे घर कोणत्या दिवसापर्यंतचे, पक्के घर कोणत्या जागेवर होणार, आणि तोवर दुरुस्ती कोणाकडे. घराचा क्रमांक आणि त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवा. कागदपत्रे वाहून गेली असतील, तर हीच नोंद उपयोगी पडेल.

हे सारे संकटाच्या रात्री सुचत नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत, गाव सुखात असतानाच, एक विषय घ्या: उद्या वेळ आली तर आपण कुठे राहायचे? गायरान असो की शाळेमागचा माळ, जागा पाहा, पायांनी मोजा, पाणी कुठून येईल ते ठरवा. ती जागा कधीच लागू नये, ही सदिच्छा. पण लागलीच, तर तयार असू द्या.