मुलींना फुटबॉल शिकवायचा तो कसा?



नाशिकला अशोक स्तंभापासून गंगापूर रोड निघतो आणि शाळा, कॉलेजे, बंगले मागे टाकीत, सोमेश्वरावरून गंगापूरच्या धरणाकडे जातो. मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. कॉलेज याच रस्त्यावर, आणि भोसला मिलिटरी स्कूलचे मैदानही तिथून फार लांब नाही. खेळाच्या जगात या भागाचे नाव झाले ते धावण्यामुळे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक. पुढे चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवने २०१७ साली भुवनेश्वरला आशियाई मैदानी स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कांस्य घेतले. तिचेही गुरू तेच.

तेव्हा खेड्यातल्या पोरीत दम असतो की नाही, हा वाद नाशिक जिल्ह्यात तरी संपला म्हणायचा. राहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा. आज बोलायचे आहे ते हायस्कुलातल्या मुलींच्या फुटबॉलबद्दल, आणि त्यातही तो शिकवणाऱ्या माणसाबद्दल.

पुष्कळ शाळांत होते काय, की तालुक्याच्या स्पर्धेचे पत्रक येते तेव्हा पंधरा दिवस उरलेले असतात. पी.टी.चे सर कबड्डी-खोखोतल्या चपळ मुली गोळा करतात, मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावतात, मग एक चेंडू मध्ये टाकतात नि म्हणतात, ‘हं, खेळा.’ पंधरा दिवसांनी सामना होतो, पाच-सहा गोल अंगावर बसतात, आणि परतीच्या गाडीत कोणीतरी बोलून जाते की हा खेळ पोरींना जमायचा नाही. आता मला सांगा, जमला नाही की शिकवलाच नाही?

हा आक्षेप तसा फार जुना आहे बरे का. इंग्लंडात १९२० सालच्या डिसेंबरात लिव्हरपूल शहरी मुलींचा सामना पाहायला सुमारे ५३,००० माणसे जमली होती. त्यानंतर वर्षभराच्या आतच तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली, आणि ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. आपल्याकडे अशी बंदी नव्हती. आपल्या महिलांचा संघ १९८० आणि १९८३ साली आशियाई स्पर्धेत दुसरासुद्धा आला होता. पण शाळांसाठी असलेली सुब्रोतो कप स्पर्धा मुलांसाठी १९६० साली सुरू झाली, आणि तीत मुलींचा गट आला तो २०१२ साली. मधली बावन्न वर्षे कुठे गेली? त्याचा हिशेब २०२२ साली समोर आला. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. अंतिम सामना तर नवी मुंबईत. आपल्या मुली तीन सामने खेळल्या, तिन्ही हरल्या, १६ गोल खाल्ले, एकही करता आला नाही. त्यांतले आठ गोल अमेरिकेचे. त्या देशात पाच-सहा वर्षांच्या पोरींच्या पायाशी चेंडू असतो. ते अपयश आपल्या मुलींच्या माथी मारणे मला तरी पटत नाही.

आता शाळेच्या मैदानावर या. एक साधे गणित मांडू. तुमच्याजवळ ४० मिनिटांचा तास आहे, २२ मुली आहेत आणि चेंडू एक. तो चेंडू एक क्षणही रिकामा न राहता कोणाच्या तरी पायाशी आहे असे धरले, तरी एका मुलीच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. प्रत्यक्षात तर धीट अशा चार-पाच जणींकडेच तो फिरत राहतो. बाकीच्या कडेला उभ्या राहून वेणी नीट करतात. त्याच मुलींना चार विरुद्ध चार असे वाटून, २५ पावले लांब नि २० पावले रुंद अशा छोट्या चौकटी चुन्याने आखून खेळवले, आणि दर चौकटीला एक चेंडू दिला, तर हीच वाटणी पाच मिनिटांवर जाते. गोलासाठी दोन विटा नाहीतर दोन चपला पुरतात. आठवड्याला तीन तास धरा, आणि वर्षाकाठी किती फरक पडेल ते तुम्हीच मांडून पाहा. पोरीला चेंडू थांबवता येतो, मान वर करून मैत्रीण कुठे आहे हे पाहता येते, ते या वाढलेल्या मिनिटांतून. भाषणाने येत नाही.

म्हणून शाळेने दुसरे काही घेण्याआधी चेंडू घ्यावेत. आठवीच्या पुढच्या मुलींना पाच नंबरचा चेंडू, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. पाचवी-सहावीच्या मुलींना चार नंबरचा, जरा लहान नि हलका. एकसारखे गणवेश पुढच्या वर्षी आले तरी चालतील. गणवेशावर खर्च करून एका चेंडूवर खेळणारा संघ म्हणजे लग्नात मंडप मोठा नि जेवायला वरणभात नाही, तशातली गत.

आणि त्या पाच फेऱ्या! धावण्यात आपल्या जिल्ह्याचे नाव झाले, म्हणून प्रत्येक खेळाची सुरुवात फेऱ्यांनी करायची अशी एक समजूत होऊन बसली आहे. लांब पल्ल्याची धावपटू एका लयीत धावते. फुटबॉल खेळणारी मुलगी चार ढांगा पळते, थांबते, वळते, पुन्हा झेप घेते. तिला लागणारा दम हा थांबून-पळण्याचा दम आहे, आणि तो चेंडूसकट खेळूनच वाढतो. विजेंद्र सिंगांसारख्या गुरूकडून घ्यायचा तो एकाच मुलीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचा धडा. फेऱ्या त्यांच्या खेळासाठी ठेवा. शिक्षा म्हणून तर फेरी देऊच नये. जे शिकवायचे तेच शिक्षा म्हणून दिले, तर मुलीला त्याची गोडी कशी लागावी?

आता गुडघ्याविषयी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण यात मुलीचे नुकसान होते. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड नि नडगी यांना धरून ठेवणारा दोरीसारखा एक बंध असतो. तो तुटला तर पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते, आणि मैदानावर परत यायला नऊ महिने किंवा वर्षही जाते. खेड्यातल्या घरी त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. खर्च, शेतात नि घरात कामाला अडचण, आणि खेळ कायमचा बंद. मुलांच्या मानाने मुलींमध्ये हा बंध तुटण्याचे प्रमाण दोन-तीन पटींनी अधिक आढळते. गंमत अशी, की तो बहुधा कोणाच्या धक्क्याने तुटत नाही. उडी मारून खाली येताना, एकदम थांबताना किंवा वळताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो, आणि तिथेच घात होतो.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षांच्या, म्हणजे अगदी आपल्या आठवी ते अकरावीच्या वयाच्या, १,८९२ मुलींवर एक मोठा प्रयोग झाला. १२५ क्लबांतल्या या मुलींपैकी काहींना सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम दिला, काहींना नेहमीप्रमाणे खेळू दिले. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. व्यायाम करणाऱ्या मुलींत एकूण इजा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, आणि गंभीर इजा जवळजवळ निम्म्यावर आल्या.

व्यायामात काय असते म्हणाल, तर अवघड काही नाही. हलके पळणे, मध्येच वळून पळणे. कोपरे नि चवडे टेकून अंग फळीसारखे सरळ धरणे. एका पायावर तोल सांभाळून उभे राहणे. बैठका. आणि शेवटी उड्या. उडीवरून खाली येताना गुडघे वाकलेले हवेत आणि पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत. हे तपासायला फुटबॉल येण्याची गरज नाही. वर्गाच्या पायरीवरून मुलीला खाली उडी मारायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले, तर तिला आधी उतरायला शिकवा. मात्र आठवड्यातून दोनदा तरी हे व्हावे. एकदा करून सोडून दिले, तर उपयोग नाही.

कोणी मुलगी लवकर दमते, तिला लगेच आळशी म्हणू नका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर दहा मुलींपैकी जवळजवळ सहाजणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी लोहाची गोळी दप्तरात राहते की पोटात जाते, हे शिकवणाऱ्याने पाहिले पाहिजे. जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको.

पाळीच्या दिवसांची गोष्टही उघड बोलावी, आणि बोलायला एखाद्या बाई असाव्यात. त्या दिवसांत खेळायचे की नाही हे मुलीने ठरवावे. सरांनी नाही नि आजीनेही नाही. चड्डी गडद रंगाची ठेवा. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ साली पांढरी चड्डी सोडून निळी घेतली ती याच कारणाने. जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या बायांना जी अडचण वाटते, ती आपल्या नववीतल्या पोरीला वाटत नसेल काय?

आणखी एक गोष्ट पालकांच्या मनात असते, पण ओठांवर येत नाही. २०२२ साली विश्वचषकाच्या तयारीसाठी युरोपात गेलेल्या आपल्या मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला गैरवर्तनावरून काढून टाकावे लागले. तेव्हा नियम आधीच घालून द्यावा. मुलींबरोबर नेहमी दोन मोठी माणसे हवीत, त्यांतली एक बाई. कोणा मुलीला एकटीला खोलीत बोलावणे नाही, एकटीला गाडीवर सोडणे नाही. चांगला प्रशिक्षक या नियमाने दुखावत नाही. दुखावला, तर पालकांनी जरा जपून असावे.

शिकवणारा मोठा खेळाडूच असला पाहिजे असे मला वाटत नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, तोही हाताशी फारसे काही नसताना. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे नवशिक्यांसाठी प्रशिक्षण-वर्ग असतात. जमेल त्या शिक्षकाने, आणि विशेषतः शिक्षिकेने, तो जरूर करावा. पण नुसत्या प्रमाणपत्रावरून शिकवण्याची पारख होत नाही, आणि कपाटातल्या ढालीवरून तर मुळीच होत नाही. एखाद्या वर्षी दोन उंच, दांडग्या मुली लाभल्या तरी ढाल येते.

पारख करायची तर एक वही ठेवा. जूनमध्ये आठवीच्या किती मुली मैदानावर आल्या त्यांची नावे लिहा. मार्चमध्ये किती उरल्या ते लिहा. दोन वर्षांनी, दहावीत, त्यांतल्या किती खेळतात तेही त्याच पानावर लिहा. वीसांतल्या बारा उरल्या, तर त्या शाळेत शिकवणारा आहे. तीनच उरल्या, तर ढाल असूनही काहीतरी चुकते आहे, आणि मग गळलेल्या सतराजणींच्या घरी जाऊन विचारावे लागेल. उत्तरे कधी कधी अगदी साधी निघतात. सर सगळ्यांदेखत ओरडतात. बदलायला खोली नाही. नाहीतर सराव सहाला सुटतो आणि गावाकडची शेवटची एस.टी. पावणेसहाला जाते. असे असेल तर सराव पाचलाच सोडावा, चौकटी दुपारच्या सुटीतच आखून ठेवाव्यात, म्हणजे तेवढी मिनिटे वाया जाणार नाहीत.