पाण्याच्या चकतीभोवतीचे कडे



गेल्या पावसाळ्यात शिरपूर जैन येथील वसतिगृहात मुलींना जुलाब लागले. एका आठवड्यात आठ जणी आजारी पडल्या आणि दोघींचे आईवडील त्यांना शाळा सोडवून न्यायला आले. टाकीत तर रोज ब्लीचिंग पावडर पडत होती, आणि तिचे मोजमाप मीच करत होते. मी विज्ञान शिकवते. तेव्हा जंतूंना कोण थांबवते आणि कोण नाही, हे मुलींसोबत प्रयोगशाळेतच पाहायचे ठरवले.

रोगाचे जंतू शाळेत वाढवायचे नाहीत, हा पहिला नियम. म्हणून आम्ही पावाचे यीस्ट घेतले. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर २० मिनिटे ठेवले. घरच्या कुकरमध्ये वाफ १२० अंशांच्या आसपास जाते. साध्या उकळीत न मरणारे काही जंतूंचे बीजाणूही तिथे मरतात. हे मिश्रण काचेच्या बश्यांत थिजवून त्यावर यीस्ट पसरले. मग गाळणकागदाच्या पंचने पाडलेल्या चकत्या फिनाईल, लसणाचा रस, हळदीचे पाणी, साबणाचे पाणी आणि ब्लीचिंगचे पाणी यांत बुडवून वर ठेवल्या. एक चकती नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्यातली. दोन दिवसांनी बशीवर पांढरी साय धरते. ज्या पदार्थाने यीस्ट रोखले, त्याच्या चकतीभोवती मोकळे कडे दिसते.

पहिल्या वेळी साध्या पाण्याच्या चकतीभोवतीच छान कडे आले! मुली खूश, मी गप्प. पाण्याने यीस्ट मरत असेल, तर बाकीच्या कुठल्याच कड्यावर विश्वास ठेवता येत नाही. पुष्कळ विचारल्यावर कळले की फिनाईलची चकती उचललेल्या चिमट्यानेच, तो न धुता, पाण्याची चकती उचलली होती.

त्या दिवशी मी मुलींना हाफकिन यांची गोष्ट सांगितली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णतेने मारत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट नंतर पुढे आली. १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

दुसऱ्या वेळी प्रत्येक चकतीला वेगळा, कुकरमधून काढलेला चिमटा. पाण्याभोवती कडे नाही. जीव भांड्यात पडला. लसणाचे कडे सर्वांत मोठे. "बाई, टाकीत लसूणच टाकू या!" मला समजवावे लागले की कड्याची रुंदी म्हणजे ताकद नव्हे. जो पदार्थ त्या थरात लवकर पसरतो, त्याचे कडे मोठे. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तिच्याभोवती काही नाही. त्यावरून हळद निकामी ठरत नाही. तिला पारखायला ही रीत चालत नाही एवढेच. साबणाभोवतीही काही दिसले नाही, पण साबणाचे मुख्य काम हातावरचे जंतू सोडवून पाण्याबरोबर वाहून नेण्याचे आहे, आणि बशीत वाहते पाणी नसते.

आता ब्लीचिंगची चकती. तिच्याभोवती यीस्टची साय अगदी कडेपर्यंत भिडलेली! मुलींना वाटले, पुन्हा कुणीतरी चुकले. मी बाजारातून बंद पाकीट आणले आणि जुनी व नवी पावडर शेजारी शेजारी ठेवली. नवीभोवती कडे आले, जुनीभोवती नाही. मग ओटी चाचणीचे थेंब टाकले. नव्या पावडरीचे पाणी पिवळे झाले, जुनीचे तसेच राहिले.

आमची गोणी न्हाणीच्या कोपऱ्यात तोंड उघडे ठेवून पावसाळाभर पडली होती. ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि उरते ती बहुतांशी चुन्याची भुकटी. आम्ही रोज तीच चमच्याने मापून, नेमाने टाकत होतो. वास गेला होता, हेही माझ्या लक्षात आले नव्हते. जुलाबाला आणखी कारणे असतील, पण टाकीतले पाणी राखणीविना होते, हे खरे.

आता पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या खोलीत असते, आणि डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिलेली असते. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून नववीतल्या दोघी नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतात आणि रंग वहीत नोंदवतात. त्यांतली एक, आईवडील न्यायला आले होते तीच. परवा तिने विचारले, "बाई, नळाचे पाणी पिवळे होते, मग माठातले का नाही?" पुढच्या आठवड्यात आम्ही माठ तपासणार आहोत.