समुद्र आणि तिथी

मुरुडचा किनारा मला आवडतो तो सकाळी, ओहोट लागल्यावर. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. दुपारी मात्र अंग चिकटतं, डब्यातल्या पोळीत वाळू येते, आणि हौसेनं पुळणीवर आणलेली कुणाची तरी मोटार रुतून बसते. भरती यायच्या आत ती ढकलायला सगळा किनारा जमतो!

भरतीचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. पक्ष कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करावी. भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आम्ही ईदचा चांद शोधत असतो तेव्हा समुद्र उधाणातच असतो.

पण भांग म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. त्या दिवशी वद्य अष्टमी होती. पाणी परतताना माणसाला आत ओढतं. तेव्हा तिथी पाहाच. पण उतरण्याआधी जाळं विणत बसलेल्या कोळीदादाला विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर काठावरच चहा घ्या.